कोपराखाली चार बोटं

आईनं पर्समधून हळदीची डबी काढली आणि दुकानदार काही म्हणायच्या आत पांढऱ्याशुभ्र संगमरवराच्या तुकड्यावर चिमूटभर हळद टाकून वर लिंबू पिळलं.

"मावशी, हे काय करताय?" सोहनशेट गल्ल्यावरून उठून आले.

"स्वयंपाक," आई म्हणाली. "ओटा घ्यायचा म्हणजे त्याच्यावर हेच होणार की."

मिरजेहून सांगलीला जाताना रस्त्याच्या कडेला फरशांची दुकानं लागतात, त्यातलं हे एक. आवारात एकाला एक टेकून उभ्या केलेल्या लाद्या, सगळीकडे पांढरी धूळ आणि मागं कुठंतरी दगड कापायच्या मशीनचा आवाज. सोहनशेटनी आईला बसायला प्लास्टिकची खुर्ची दिली होती. फार वेळ उभं राहणं तिला जमत नव्हतं. तिला अल्सर झालाय, असं आम्ही तिला सांगितलं होतं.

खरं काय ते डॉक्टरांनी आप्पांना, उदयला आणि मला वेगळ्या खोलीत बोलावून सांगितलं होतं. पोट उघडलं, आत बघितलं आणि परत शिवून टाकलं, कारण काढण्यासारखं काही उरलं नव्हतं. "दिवाळी बघेल ना?" असं उदयनं विचारलं, तेव्हा डॉक्टरांनी नुसता चष्मा काढून पुसला. बाहेर आल्यावर आप्पा म्हणाले, "शालनला यातलं एक अक्षर कळता कामा नये." उदय माझा थोरला भाऊ, नाशिकला असतो. तो म्हणाला बरोबर आहे. मीही म्हणाले बरोबर आहे. तेव्हा सगळ्या घरांत असंच करत असत.

दवाखान्यातून घरी आल्यावर आईनं पहिली गोष्ट काय मागितली असेल, तर नवा ओटा. आमचे आप्पा म्हणजे एसटीच्या वर्कशॉपमधले निवृत्त हेड मेकॅनिक. घराला रंग लावू या म्हटलं की दोन-दोन वर्षं टोलवणारा माणूस. पण या वेळी आईचं वाक्य पुरं व्हायच्या आत ते "करू की" म्हणाले. इतक्या चटकन हो म्हटल्यावर हिला संशय येणार, असं मला वाटलं. पण तिनं फक्त "बरं" म्हटलं आणि कुशीवर वळून झोपली.

ओटा बदलण्यासारखाच होता, ते काही खोटं नाही. आमचं घर एसटी कर्मचाऱ्यांच्या सोसायटीतलं, आणि कंत्राटदारानं सगळ्या घरांना एकाच मापाचे काळ्या कडप्प्याचे ओटे ठोकून दिले होते. कोकमानं, चिंचेनं तो कडप्पा जागोजागी पांढरा पडला होता. मधल्या सांध्यात झुरळं राहायची. शिवाय तो आईला उंच पडायचा. आई अगदी ठेंगणी. इतकी वर्षं ती ओट्यापुढं एक लाकडी पाट टाकून त्याच्यावर उभी राहून स्वयंपाक करत आली होती. पाटावरून उतर, फडताळातलं काढ, परत पाटावर चढ. आप्पा सहा फुटांचे. पण त्यांना स्वयंपाकघरात यायला बंदी होती, कारण त्यांच्या हातांना कायम ग्रीस असायचं. निवृत्त झाल्यावर ग्रीस गेलं, बंदी तशीच राहिली. त्यांना साधा चहा करता येत नव्हता आणि त्याचं त्यांना काही वाटतही नव्हतं.

तर आईला आयुष्यभर हवा होता पांढरा ओटा. कुणाच्याही वास्तुशांतीला गेली की ही आधी स्वयंपाकघरात शिरणार आणि ओट्यावरून हात फिरवून येणार. पांढरा असला की घरी येईपर्यंत तेच बोलणं. "दुधासारखा होता गं." म्हणून त्या दिवशी मी तिला रिक्षात घालून मुद्दाम या दुकानात आणलं होतं. दुधासारखा तर दुधासारखा, जो म्हणेल तो घ्यायचा, असं मी ठरवूनच आले होते.

सोहनशेटनी ओलं फडकं आणून संगमरवर पुसला. हळदीचा पिवळा डाग राहिलाच, आणि लिंबू पडलं होतं तिथली चकाकी गेली.

"बघितलंस, शैला?" आई मला म्हणाली.

"मग हा बघा," सोहनशेट दुसरा तुकडा घेऊन आले. तोही पांढराच, पण काचेसारखा गुळगुळीत. "हा खाणीतला नाही, कारखान्यात बनतो. नवीन आलाय. हळद धरत नाही, लिंबू धरत नाही."

आईनं हळद-लिंबाचा प्रयोग परत केला. फडक्यानं पुसल्यावर दगड कोरा झाला. माझा जीव भांड्यात पडला.

"हाच घेऊ या, आई."

"थांब जरा. शेटजी, गॅसवरनं उतरवलेली कढई याच्यावर तशीच ठेवली तर?"

सोहनशेट प्रामाणिक माणूस. कानामागं खाजवत म्हणाले, "तशी नाही ठेवायची, मावशी. खाली काहीतरी पाहिजे. तापलेलं थेट ठेवलं तर डाग पडतो, तो मग निघत नाही."

"आणि कुणी विसरलं तर?"

"तू कधी विसरलीस?" मी म्हटलं. "तीस वर्षांत तू कढई कधी खाली काही न घेता ठेवलीयस?"

"विसरतो गं माणूस," आई म्हणाली आणि उभ्या लाद्यांकडं बघायला लागली. "ते काय आहे, ते कोपऱ्यातलं?"

कोपऱ्यात ग्रॅनाइट होता. तपकिरी, करडा, मधूनच काळे ठिपके, मधूनच विटकरी. तांदळात मूग, मसूर आणि जिरं सांडल्यावर दिसेल तसा. सोहनशेटनी त्यावर बादलीतलं पाणी मारलं, तेव्हा तो जरा उजळला, पण पाणी वाळल्यावर परत होता तसा झाला. आईनं खुर्ची तिथं ओढून घ्यायला लावली. हळद झाली, लिंबू झालं, मग तिनं पर्समधून तेलाची बारकी बाटली काढली आणि दोन थेंब टाकले. मला हसूही येत होतं आणि लाजही वाटत होती.

"तेल ओतून तसंच ठेवलं रात्रभर, तर?"

"सकाळी साबणानं धुवा. जाईल."

"रोज नाही पुसला तर?"

"काही होत नाही. यावर तर घाण दिसतच नाही, मावशी."

"तेच बघतेय," ती म्हणाली. "चहा सांडला तरी कळायचं नाही. हाच द्या."

मी तिला हळूच म्हटलं, "आई, असा रंग तुला आवडत नाही. मागं देशपांडेबाईंनी असलाच बसवला तेव्हा तू आठवडाभर नावं ठेवत होतीस."

"असू दे."

"तुझा पांढरा?"

"पांढऱ्याला राखायला माणूस लागतं," आई म्हणाली, आणि सोहनशेटकडं वळून पुढची यादी सुरू केली. सबंध एकच लादी पाहिजे, मधे सांधा नको, सांध्यात घाण साचते. पुढची कड धारदार नको, गोल घासून द्या, कुणाचं मनगट आपटलं तर लागायला नको. कडेला जराशी उंची ठेवा, म्हणजे सांडलेलं पाणी खाली येणार नाही, नाहीतर पाय घसरून पडायचं कुणीतरी. सोहनशेट म्हणाले, इतका विचार करून दगड घेणारं गिऱ्हाईक रोज आलं तर दुकान बंद करायची पाळी येईल. आई खूश झाली.

मी मात्र रिक्षात तिच्याशी बोलले नाही. रागावले होते मी. तिच्याकडं किती दिवस आहेत ते मला माहीत होतं, आणि तेवढे तरी तिनं मनासारख्या दगडावर हात फिरवावा, इतकंच माझं मागणं होतं. हिला तेही नको होतं. चहा सांडला तर कळू नये म्हणे. ज्या बाईनं जन्मात ओट्यावर थेंब वाळू दिला नाही, ती हे बोलत होती.

दुसऱ्या दिवशी दस्तगीर मिस्त्री आले. मिरजेतले जुने गवंडी, आप्पांच्या ओळखीचे. त्यांनी दुपारपर्यंत जुना ओटा फोडला. सामान सगळं मागच्या पडवीत हलवलं होतं आणि तिथं मी स्वयंपाक करत होते. आप्पांना आईनं वाळू बघायला पिटाळलं होतं. मिस्त्रींनी घाम पुसला, टेप काढली आणि हाक मारली.

"वहिनी, या जरा उभ्या ऱ्हावा. माप घेतो."

"माझं माप नको," आई दारातल्या खुर्चीवरूनच म्हणाली. "तिथं भिंतीवर निळ्या पेन्सिलीची रेघ आहे बघा. तिथपर्यंत दगड आला पाहिजे."

मिस्त्रींनी रेघ बघितली, आईकडं बघितलं, मग परत रेघेकडं.

"ह्ये माप चुकलंय, वहिनी. ओटा कसा, घरच्या बाईच्या कोपराखाली चार बोटं. त्याच्या वर गेला की खांदं भरून येत्यात, खाली ऱ्हायला की कंबर जाती. ही रेघ तुमच्या छातीला येतीय."

"येऊ दे."

"पहिल्यापेक्षा बी उंच हाय की वो ह्यो."

"मिस्त्री, मी सांगते तसं करा ना."

मी हातातलं पीठ तसंच घेऊन आत आले. "आई, तू काय करतेयस? आता दोन पाट घेऊन उभी राहणार का?"

"सवय आहे मला."

"कुणाच्या मापाचा आहे हा?"

तिनं मिस्त्रींना पाणी हवं का विचारलं. मग माझ्या डोक्यात आलं. उदयची बायको संपदा, आमच्या घरातली उंच सून. खांद्यानं उदयच्या बरोबरीची. वर्षातून आठ दिवस येते, त्यातले चार माहेरी सांगलीला असते, आणि हिनं तिच्यासाठी ओटा चढवावा? माझ्या तोंडून गेलंच, "सूनबाईंचं माप दिसतंय."

"तसं समज," आई म्हणाली.

मी पडवीत जाऊन कणीक अशी काही तिंबली, की त्या दिवशीच्या चपात्या कुणाला तुटेनात.

त्यानंतर तीन-चार दिवसांनी आईच्या पोटात पाणी झालं आणि तिला परत दवाखान्यात ठेवावं लागलं. उदय नाशिकहून आला आणि तिच्याजवळ बसला. "कामाकडं लक्ष द्या," ती आप्पांना म्हणाली, "नाहीतर मिस्त्री चुकवायचे." म्हणून एका सकाळी मी आणि आप्पा डबा घ्यायला घरी आलो, तर मिस्त्रींनी ओट्याचे खालचे उभे कडप्पे रोवून घेतले होते. ग्रॅनाइटची लादी अंगणात भिंतीला टेकवलेली होती.

आप्पा आत आले. एरवी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थांबायची त्यांची सवय, पण तिथं आता स्वयंपाकघर म्हणावं असं काही नव्हतंच. त्यांनी उभ्या कडप्प्यांकडं बघितलं.

"दस्तगीर, हे उंच नाही झालं?"

"वहिनींनी रेघ मारून दिलीय, भाऊ. मी सांगून बघितलं."

"कुठली रेघ?"

मिस्त्रींनी दाखवली. आप्पा वाकून बघायला लागले. "ओटा फोडायच्या आधी तिनं मला हितंच उभं केलं होतं," ते म्हणाले. "भिंतीला ओल आलीय का बघा म्हणाली. हात असा धरा, बॅटरी जरा खाली घ्या, हलू नका. मागं उभी राहून काय करत होती कुणास ठाऊक."

मिस्त्रींनी आप्पांचा उजवा हात धरला, कोपरात वाकवला आणि दंड अंगाला चिकटवून त्यांना भिंतीशी उभं केलं. मग त्यांच्या कोपराखाली स्वतःची चार बोटं आडवी लावली. करंगळी बरोबर निळ्या रेघेवर टेकली.

मला दुकानातला एकेक प्रश्न आठवत गेला. कुणी विसरलं तर. रोज नाही पुसला तर. कुणाचं मनगट आपटलं तर. पाय घसरून कुणी पडलं तर. ती स्वतःबद्दल एकदाही विचारत नव्हती, आणि संपदाबद्दल तर नव्हतीच नव्हती.

"आप्पा," मी म्हटलं, "आईला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"सगळं."

"अल्सर आहे तिला," आप्पा म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. "डॉक्टरांनी सांगितलंय. पथ्यपाणी केलं की बरी होईल. दस्तगीर, हे कडप्पे काढ."

"भाऊ, सिमेंट धरलंय आता."

"मग काप वरनं. ओटा शालनच्या मापाचा झाला पाहिजे. तीस वर्षं पाटावर उभी राहिली ती या घरात. मी रोज बघितलं आणि माझ्या डोक्यात कधी आलं नाही. हा तरी तिच्या मापाचा करायचा."

"वहिनी दवाखान्यात. माप कसं घेऊ?"

आप्पांनी आपल्या शर्टावर हात ठेवला. वरून तिसऱ्या बटणावर. "तिचं डोकं हितं येतं," ते म्हणाले. "त्यावरनं काढ."

मिस्त्रींनी माझ्याकडं बघितलं. मी काय सांगणार होते? एकाला ती बरी होईल असंच धरून चालायचं होतं, आणि तिला वाटत होतं आपल्यामागं यांना नीट उभं राहून करून खाता यावं. दोघांपैकी कुणाचं चूक म्हणू? मी डबा भरला आणि दवाखान्यात गेले. आईनं विचारलं, "झालं का माझ्या रेघेवर?" मी म्हटलं, चाललंय.

तिला घरी आणलं तो शनिवार होता. रिक्षातून उतरताना तिनं आप्पांचा आणि उदयचा असा दोघांचा आधार घेतला. साडी नेसवली होती, पण ती अंगावर नुसती अडकवल्यासारखी दिसत होती. हॉलमध्ये पलंग घातला होता तिकडं न जाता ती सरळ स्वयंपाकघराकडं वळली.

ओटा तयार होता. गोल कड, सांधा नाही, पाणी अडवायला कडेला उंची. मिस्त्रींनी घासून पुसून लख्ख केला होता. आई समोर जाऊन उभी राहिली आणि दोन्ही तळहात दगडावर ठेवले. तिची कोपरं जराशी वाकली आणि हात जिथं असावेत तिथं टेकले. आयुष्यात पहिल्यांदा ती ओट्यापुढं जमिनीवर उभी होती. मला वाटलं, आता ती रडेल. पण ती वळली आणि आप्पांना म्हणाली,

"हे कुणी केलं?"

"मीच सांगितलं," आप्पा म्हणाले. ते अगदी खुशीत होते. "तुझ्या मापाचा करून घेतला. बघ, पाट नको आता."

"माझ्या मापाचा कशाला केलात?"

"मग कुणाच्या करायचा? स्वयंपाक तू करतेस."

"आणि नंतर?"

उदयनं माझ्याकडं बघितलं. त्या घरात इतक्या दिवसांत हा शब्द कुणी उच्चारला नव्हता. आम्ही सगळे त्याला वळसा घालून बोलत होतो, आणि जिच्यासाठी वळसा घालत होतो तिनंच तो सरळ पुढं ठेवला.

"नंतर म्हणजे काय?" आप्पा म्हणाले. "बरी होशील तू. अल्सरनं कुणी..."

"अहो, मला आजार झालाय. बहिरी नाही झाले मी," आई म्हणाली. "वॉर्डातल्या आया-नर्सा काय बोलतात ते मला ऐकू येतं. तुम्ही तिघं बाहेर जाऊन डोळे पुसून येता तेही मला दिसतं. तुम्हाला बरं वाटतंय तर वाटू दे म्हणून मी गप्प बसले."

आप्पा दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले.

"उदयकडं जाल म्हणावं, तर..." आई बोलतच होती. मधे दम लागला की थांबायची, परत सुरू करायची. "चार दिवस जाल. पाचव्या दिवशी तुम्हाला हे घर आठवेल आणि पिशवी उचलून परत याल. मला माहीत नाही होय तुमचं? मग खाणार काय? शेजारणी चार दिवस डबे देतील. शैलाला तिचं घर आहे. म्हणून तुमच्या मापाची रेघ मारून दिली होती. नीट उभं राहून चार घास करून खावेत म्हणून. तुमची कंबर आधीच एसटीच्या गाड्यांखाली आडवं पडून पडून गेलेली. आता काय करणार तुम्ही या ओट्यावर?"

बाहेर मिस्त्री हत्यारं धूत होते, त्या पाण्याचा आवाज येत होता. मला वाटलं आप्पा परत डॉक्टरांचं नाव काढतील, नाहीतर चिडून बाहेर निघून जातील. रागानं बाहेर जाऊन सायकल पुसत बसायची त्यांची जुनी रीत होती. पण ते आत आले. तिच्या शेजारी उभे राहिले आणि त्यांनीही दगडावर हात ठेवले. त्यांचे हात पोचायला त्यांना चांगलंच खाली वाकावं लागलं.

"नंतर मी वाकीन," आप्पा म्हणाले.

आई त्यांच्याकडं बघत राहिली. ते वाकलेले असल्यामुळं दोघांची तोंडं एका पातळीवर आली होती. आप्पांच्या नाकावरून पाणी ओघळून ओट्यावर पडत होतं आणि ते पुसायला त्यांनी हात वर घेतला नाही. आईनं पदरानं आधी त्यांचं तोंड पुसलं, मग ओटा पुसला.

"नंतर कशाला?" ती म्हणाली. "आत्ताच वाका. शैला, कुकर घेऊन ये पडवीतनं. उदय, मला खुर्ची दे."

"आज नको, आई," उदय म्हणाला. "आत्ताच आलीयस."

"मग कधी?"

उदयनं खुर्ची आणून दिली. मी कुकर आणला, तांदळाचा डबा आणला. आई खुर्चीत मागं टेकून बसली आणि तिनं आप्पांना हाताशी उभं केलं.

"पहिल्यांदा भात. मग आमटी. मग भाज्या. चपाती सगळ्यात शेवटी, ती अवघड असते. तांदूळ घ्या."

"किती?"

"एकट्याला पुरेल एवढा."

आप्पांचा हात डब्यातच थांबला.

"घ्या," आई म्हणाली. "एक मूठ आणि वर थोडा. तुमची मूठ मोठी आहे, नुसती मूठ पुरे."

त्यांनी मूठभर तांदूळ भांड्यात घेतला. आईनं तो धुवायला लावला. तीनदा पाणी बदलायला लावलं. पहिलं पाणी टाकताना निम्मा तांदूळ सिंकमध्ये गेला, तर तिनं तो वेचून परत भांड्यात घालायला लावला. पाण्यात बोटाचं पेर बुडवून कसं मोजायचं ते दाखवलं. मिठाच्या वेळी आप्पा म्हणाले, "मीठ किती?"

"अंदाजानं."

"अंदाजानं म्हणजे किती, शालन? मला कसं कळणार?"

आईनं त्यांचा तळहात ओढून घेतला, बरणीतून मीठ काढून त्याच्या खळग्यात ठेवलं आणि वरून बोटानं सारखं केलं. "एवढं. डोळे मिटून वजन बघून ठेवा."

आप्पांनी खरंच डोळे मिटले. एवढा मोठा धिप्पाड माणूस ओट्यावर वाकून, तळहातावर चिमूटभर मीठ घेऊन, डोळे मिटून उभा होता. माझ्यानं ते बघवेना. मी पडवीत येऊन नळ सोडला आणि भांडी नसताना बराच वेळ घासत बसले.

तो भात गिचका झाला. आईनं त्यातला चमचाभर खाल्ला, तिला तेवढंच जात होतं. "पाणी जास्त झालं," ती म्हणाली. "उद्या बोट कमी बुडवा."

मग रोज सकाळी तिची खुर्ची ओट्याशेजारी ठेवायची आणि आप्पांनी वाकायचं. पुढं पुढं तिला बसवेना, तेव्हा आम्ही पलंगच दाराशी ओढला. ती पडल्या पडल्या वासावरून सांगायची. मोहरी जळाली. आता डाळ घाला. झाकण ठेवा, वास बाहेर जातोय. शेवटी शेवटी तिचा आवाज ओट्यापर्यंतही पोचायचा नाही, तेव्हा आप्पा गॅस बारीक करून तिच्या तोंडाशी कान नेऊन विचारून येत आणि परत ओट्यावर वाकत.

दिवाळी तिनं बघितली नाही. ती गेली तेव्हा आप्पांना भात येत होता, आमटी येत होती आणि दोन भाज्या येत होत्या. चपातीपर्यंत ती पोचली नाही.